पगार रुपयात, घर वसईत, सोनं कपाटात. मग फी डॉलरात कुठून भरायची?



गेल्या महिन्यात होळीतल्या रविवारच्या बैठकीत आमच्यावर एक आरोप झाला. बाहेरगावच्या वाचकांसाठी आधी सांगतो, होळी म्हणजे इथे सण नव्हे. वसई गावातल्या आमच्या वस्तीचं, बाजाराचं हे नाव आहे. आरोप असा : "चळवळीतली पोरं आता अमेरिकेचे शेअर घ्यायला लागली. बाबासाहेबांचं नाव लावून भांडवलदारी चालवली आहे!" आरोप करणारे काका नामांतराच्या लढ्यात तुरुंगात गेलेले. त्यांच्यासमोर आवाज चढवणं आम्हाला जमत नाही आणि जमूही नये. म्हणून उत्तर इथे लिहितो. काका हे वाचतील, चष्मा कपाळावर चढवून दोनदा वाचतील, आणि पुढच्या रविवारी चुका काढतील.

आम्ही म्हणजे सात घरं. कुणी शाळेत शिक्षक, कुणी रेल्वेत, कुणी महापालिकेत सफाई खात्यात, एक नर्स, एक बँकेत शिपाई. बरीच वर्षं आमची भिशी आहे. दर महिन्याला पैसे गोळा होतात, चिठ्ठी निघते, ज्याची निघेल त्याचं काम होतं. या भिशीनं दोन लग्नं, एक बायपास आणि तीन पोरांच्या इंजिनिअरिंगची फी काढली. गुंतवणूक हा शब्द आमच्यात कुणी कधी उच्चारत नव्हतं. तो उच्चारावा लागला, त्याला कारण घडलं.

आमच्यातल्या एका घरात वडील सफाई कामगार म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर गटार उपसून मिळालेली ग्रॅच्युइटी आणि फंड. मुलगा खाजगी कंपनीत कंत्राटावर. त्यानं मोबाईलवर ट्रेडिंग सुरू केलं, आधी स्वतःच्या पगारातून, मग बापाच्या पैशातून. ऑप्शन. सकाळी घ्यायचं, दुपारी विकायचं. आठ महिन्यांत सहा लाख गेले. घरात कळलं तेव्हा आई दोन दिवस जेवली नाही. बाप काही बोलला नाही. तो फक्त पुन्हा कामाला जायला लागला, एका सोसायटीत झाडू मारायला, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी.

हा मुलगा काही वेगळा मूर्ख नव्हता. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो, की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त सामान्य लोकांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. सरासरी तोटा माणशी दोन लाखांच्या आसपास, आणि सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींच्या वर. हा पैसा हवेत विरला नाही. तो मोठ्या संस्थांच्या, संगणकानं सौदे करणाऱ्या कंपन्यांच्या आणि दलालांच्या खिशात गेला. खालच्या घामाचा पैसा वर जाण्याची ही नवी वाट आहे आणि तिच्या तोंडाशी आमचीच पोरं उभी आहेत, पाच इंची पडदा हातात धरून. काकांचा राग याच प्रसंगातून आलेला आहे. तो शंभर टक्के बरोबर आहे. फक्त तो ज्या गोष्टीवर काढायला हवा ती आणि आम्ही करतो ती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्या प्रसंगानंतर सातही घरांनी ठरवलं, की आपापलं काय कुठे आहे ते कागदावर मांडायचं. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मांडलं. वाचून आम्ही गप्प झालो. सगळ्यांचं एकच होतं. वसई, नालासोपारा किंवा विरारला एक फ्लॅट, त्याचं कर्ज. थोडं सोनं. विम्याच्या पॉलिसी, त्याही ओळखीच्या एजंटनं गळ्यात मारलेल्या. पतपेढीत किंवा बँकेत ठेव. पीएफ. पगारही इथलाच, इथल्याच रुपयात.

जुलै २०१८ चं पाणी आठवा. वसई-नालासोपाऱ्यात दिवसचे दिवस पाणी होतं, लोकल बंद, वीज नाही. घर पाण्यात, नोकरीवर जायची वाट पाण्यात, खालच्या मजल्यावरचं भाड्याचं दुकान पाण्यात. सगळं एकाच खाडीच्या काठी ठेवलेलं असलं की असं होतं. आणि पाणी तरी ओसरतं. नालासोपारा पूर्वेच्या ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशानं पाडल्या, नोव्हेंबर २०२४ पासून पुढचे काही महिने ते काम चाललं. जमीन डम्पिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव होती. रस्त्यावर आली ती हजारो माणसं. घर म्हणजे सगळ्यांत सुरक्षित गुंतवणूक, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलं गेलं. त्या इमारतींतल्या लोकांनाही कुणीतरी तेच सांगितलं असणार.

आता फीची गोष्ट. आमच्यातल्या एका घरातली मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला पुढे अमेरिकेत शिकायचं आहे. आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ जागा. तिला ती मिळो. पण अख्ख्या महाराष्ट्रातल्या अनुसूचित जातींच्या मुलांमागे ७५ जागा म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. नाही मिळाली तर? २०११ च्या सुरुवातीला डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता. २०२४ संपताना तो ८५ च्या पुढे गेला. समजा वर्षाची फी वीस हजार डॉलर आहे आणि विद्यापीठानं ती एका डॉलरनंही वाढवली नाही. तरी तेव्हा नऊ लाख लागले असते, २०२४ संपताना सतरा लाख. आठ लाखांचा फरक फक्त रुपयाच्या घसरणीचा. बापानं पै-पै करून ठेव केली, तिच्यावर व्याज मिळालं, आणि त्यातला मोठा घास रुपयानं मागच्या दारानं नेला.

रुपयाचा विषय निघाला की आम्ही बाबासाहेबांकडे जातो, आणि जायलाच हवं. त्यांनी १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ लिहिला, लंडनच्या डी.एस्सी.साठी. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगासमोर साक्षही दिली. आपल्या भाषणांत या ग्रंथाचं नाव येतं, रिझर्व्ह बँकेचा उल्लेख होतो, टाळ्या पडतात आणि वक्ता पुढे सरकतो. ग्रंथ उघडून कुणी बघत नाही, त्यात आम्हीही आलो. आम्हीही पहिल्यांदा उघडला तो या फीच्या निमित्तानं. त्यातला एक धागा आमच्या घरांना सरळ लागू पडतो. त्या वेळी युक्तिवाद चालायचा, की रुपया स्वस्त झाला तर निर्यातीला बरं, व्यापाराला बरं. बाबासाहेब विचारतात, हे 'बरं' कुणाच्या खर्चानं? चलन घसरलं की किमती आधी चढतात आणि मजुरी मागून रखडत येते. मधल्या काळात मालकाला जो फायदा होतो तो मजुराच्या ताटातून आलेला असतो. रुपयाचा भाव हा वर्गाचा प्रश्न आहे, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी मांडलं. खायचं तेल, पेट्रोल, मोबाईल, पोरांची फी, यांतल्या बऱ्याच गोष्टींची किंमत आज डॉलरशी बांधलेली आहे आणि आमची सगळी मिळकत रुपयाशी. ज्याचे पैसे दोन्हीकडे आहेत तो रुपया पडला तरी सावरतो. फक्त पगार असलेला माणूस सावरत नाही.

म्हणजे काय करायचं? डॉलरच्या नोटा उशीखाली ठेवता येत नाहीत. आम्हाला जे परवडलं आणि समजलं ते सांगतो.

निर्देशांक म्हणजे ठरलेल्या नियमानं केलेली कंपन्यांची यादी. आपल्याकडे निफ्टीत ५० कंपन्या, अमेरिकेत एस अँड पी ५०० मध्ये पाचशेच्या आसपास. ईटीएफ म्हणजे ती यादी जशीच्या तशी, त्याच प्रमाणात विकत घेऊन ठेवणारा फंड. त्याचे युनिट शेअरसारखे बाजारात मिळतात. डीमॅट खातं लागतं, बस. कोणती कंपनी वर जाणार हे ओळखणारा हुशार व्यवस्थापक इथे नसतो, म्हणून त्याच्या हुशारीची फीही नसते. अमेरिकेत असा पहिला ईटीएफ जानेवारी १९९३ मध्ये आला, भारतात २००२ च्या सुरुवातीला निफ्टीचा आला. भारतातून भारताच्याच शेअर बाजारात, रुपयातच, अमेरिकेची यादी विकत घेण्याची सोय २०११ पासून आहे. नॅस्डॅक-१०० चा ईटीएफ तेव्हा आला. मागाहून अमेरिकेच्या सर्वांत मोठ्या पन्नास कंपन्यांचा आला, हाँगकाँगचा तर २०१० मध्येच आला होता. आपण पैसे रुपयात देतो, फंड तिकडे डॉलरात शेअर घेतो. डॉलर चढला की आपल्या युनिटची रुपयातली किंमतही तेवढी चढते. मुलीच्या फीला हेच हवं होतं. फी ज्या दिशेला पळते, त्याच दिशेला बचतीचा एक हिस्सा पळाला पाहिजे.

इथे आम्हाला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. बडोद्यातला १९१७ चा अपमान पचवून बाबासाहेब मुंबईला परतले, तेव्हा पोटासाठी त्यांनी जे उद्योग करून पाहिले त्यात शेअर आणि रोख्यांच्या व्यवहारावर सल्ला देणारी एक फर्मही होती. कोलंबियातून अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस! या शहरात त्या विषयावर त्यांच्याइतकं कळणारे किती असतील? फर्म सुरू झाली, गिऱ्हाइकं आली. मग सल्ला देणारा महार आहे हे कळलं आणि गिऱ्हाइकं यायची थांबली. फर्म बंद पडली. काका, शेअर बाजार आपला नाही असं तुम्ही म्हणता तेव्हा आम्हाला हा प्रसंग आठवतो. तो आपला नाही असं आपण ठरवलं नव्हतं. दार त्यांनी लावलं होतं. बाहेर राहण्याचा निर्णय आपणच घेतला असं समजून आपण शंभर वर्षं त्या दारावर पहारा द्यायचा का?

यादीनं चालणाऱ्या फंडात कुणाची ओळख लागत नाही, कुणाच्या केबिनबाहेर बसावं लागत नाही, आडनाव ऐकून कुणाचा चेहरा बदलत नाही. ही सोय लहान नाही. पण त्या यादीतल्या कंपन्यांत जात नाही, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. भारतातल्या हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा एक अभ्यास २०१२ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त आला होता : ९३ टक्के संचालक तथाकथित उच्च जातींचे, अनुसूचित जाती-जमातींचे मिळून साडेतीन टक्के. निफ्टी विकत घेता तेव्हा ही मंडळंही विकत घेता. आणि अमेरिकेत सगळं धुतल्या तांदळासारखं आहे, असंही नाही. कॅलिफोर्निया राज्यानं २०२० मध्ये सिस्को कंपनीविरुद्ध एका दलित अभियंत्याशी जातिभेद झाल्याची तक्रार न्यायालयात नेली होती. कंपनीनं आरोप नाकारले. ही सिस्को नॅस्डॅक-१०० मध्ये आहे, म्हणजे आमच्या युनिटातही तिचा कण आहे. कुणाला हे पटत नसेल तर त्याचं न पटणं आम्हाला समजतं. आम्हालाही ते टोचतं. पण बँकेतली ठेव ज्या कंपन्यांना कर्ज म्हणून जाते, त्यांची संचालक मंडळं कोणी तपासली आहेत?

आता आमची चूक, कारण आरोपाचं उत्तर देताना आपलं तेवढं झाकून ठेवायचं हे बरं नाही. २०२४ च्या दिवाळीच्या सुमारास आम्ही भिशीतल्या पैशांतून अमेरिकेचा एक ईटीएफ घेतला. बाजारात जो भाव दिसला त्या भावानं. नंतर कळलं, की त्या युनिटमध्ये जेवढ्या किमतीचे शेअर होते त्याच्यापेक्षा आम्ही बारा टक्के जास्त मोजले होते. शंभराची वस्तू एकशेबाराला.

हे का होतं ते समजून घ्या, कारण इथेच नवे लोक फसतात. साध्या ईटीएफला मागणी वाढली की फंड नवे युनिट काढतो आणि भाव खऱ्या किमतीजवळ राहतो. पण भारतातल्या सगळ्या म्युच्युअल फंडांनी मिळून परदेशात किती पैसे लावायचे याला मर्यादा आहे, ७ अब्ज डॉलर. परदेशी ईटीएफमध्ये लावण्यासाठी वेगळी १ अब्ज डॉलर. पहिली मर्यादा २०२२ च्या सुरुवातीला भरत आली, दुसरी २०२४ मध्ये. फंडांना नवे पैसे घेणं थांबवावं लागलं, नंतर कधी थोडं उघडलं, कधी पुन्हा बंद. नवे युनिट निघत नाहीत, घेणारे मात्र रांगेत. मग आहे तेच युनिट चढ्या भावानं हात बदलतं. ब्लॅकनं तिकीट घेण्यासारखंच. समजा खरी किंमत १०० आणि तुम्ही ११२ ला घेतलं. वर्षभरात निर्देशांक दहा टक्के वाढला, खरी किंमत ११० झाली, आणि मर्यादा उठल्यामुळे वरचा फुगा फुटला. अमेरिका वाढली, तुम्ही दोन रुपयांनी तोट्यात.

खरी किंमत कुठे दिसते? फंड कंपनी आपल्या संकेतस्थळावर दिवसभर आयएनएव्ही नावाचा आकडा देत असते. आपल्याकडे बाजार चालू असतो तेव्हा अमेरिकेचा बंद असतो, म्हणून तो आकडा अंदाजाचा. तरी भाव त्याच्यापेक्षा एक-दोन टक्क्यांहून वर असेल तर आम्ही आता हात लावत नाही. थांबतो. आणि खरेदीच्या वेळी 'मार्केट' नव्हे, 'लिमिट' लावतो, म्हणजे आपण ठरवलेल्या भावाच्या वर सौदा होतच नाही. ते बारा टक्के आम्ही शिकवणीची फी समजतो. भिशीच्या वहीत मात्र ती चूक लाल शाईनं लिहिलेली आहे, नर्सताईंनी मुद्दाम लिहायला लावली.

थेट परदेशात खातं उघडून घेण्याचीही वाट आहे. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात. हा आकडा वाचून आमच्या बैठकीत हशा पिकला होता. आमच्यासारख्यांना ती वाट महाग पडते. दर वेळी बँकेचं शुल्क, चलन बदलण्याचा खर्च, आणि आयकर विवरणात परदेशी मालमत्तेचं वेगळं परिशिष्ट भरावं लागतं. ते विसरलं तर दंड मोठा. अमेरिकेत नोंदलेला फंड थेट नावावर असेल आणि माणूस वारला, तर ६०,००० डॉलरच्या वरच्या मालमत्तेवर तिथला वारसा कर लागू शकतो, हे आखातात असलेल्या आपल्या बांधवांनी ध्यानात ठेवावं. भारतातल्या बाजारात घेतलेल्या ईटीएफला ही कटकट नाही. करही बदलत राहिला आहे. २०२३ च्या कायद्यानं अशा फंडांचा नफा उत्पन्नात धरायला लावला, २०२४ च्या अर्थसंकल्पानं पुन्हा फिरवलं. आता बाजारात नोंदलेला युनिट वर्षाहून जास्त ठेवला तर साडेबारा टक्के. विकण्याआधी त्या वर्षीचा नियम बघायचाच.

आणि अमेरिका म्हणजे पैशाचं झाड, हे डोक्यातून काढा. सोशल मीडियावर नॅस्डॅकचे आलेख दाखवून क्लास विकणारे आपल्यातही निर्माण झाले आहेत. नॅस्डॅकचा व्यापक निर्देशांक मार्च २००० मध्ये ज्या शिखरावर होता, तिथे परत पोहोचायला २०१५ उजाडलं. पंधरा वर्षं! २०२२ या एकाच वर्षात नॅस्डॅक-१०० सुमारे एक तृतीयांशानं पडला, आणि त्याच वर्षी आपला निफ्टी थोडा का होईना वाढला. जपानची गोष्ट तर त्याहून मोठी. २९ डिसेंबर १९८९ ला तिथला निक्केई ३८,९१५ वर होता. तो आकडा ओलांडला गेला फेब्रुवारी २०२४ मध्ये. ज्या जपानी कामगारानं तिशीत आपली सगळी बचत आपल्याच देशाच्या बाजारात लावली, तो निवृत्त झाला तरी ती वर आली नव्हती. देशप्रेम त्याचंही कमी नव्हतं. म्हणून कुणी आम्हाला 'देशाचा पैसा बाहेर नेता' म्हणालं, की आम्ही निक्केई सांगतो. एकाच देशावर सगळं लावू नये हे भारताला लागू आहे आणि अमेरिकेलाही. नॅस्डॅक-१०० म्हणजे जग नव्हे. त्यात बँका नाहीत, आणि वरच्या दहा कंपन्यांचाच वाटा जवळजवळ निम्मा. सगळं जग एका टोपलीत देणारा साधा, स्वस्त ईटीएफ आपल्या बाजारात सहज मिळत नाही, ही खरी अडचण आहे.

म्हणून आमचं प्रमाण लहान आहे. दहा वर्षांहून लांबच्या बचतीतले शंभरातले पंधरा रुपये बाहेर. मुलीच्या फीचा हिस्सा जवळ आला आहे, तो आता हळूहळू काढून ठेवीत टाकतो आहोत. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला, साधा टर्म विमा, महागडं कर्ज फेडलेलं, हे नसेल तर यातलं काहीच करत नाही. ज्याच्या घरात महिनाअखेर उसनवारी चालते त्यानं हा लेख वाचून सोडून द्यावा. त्याच्यासाठी किमान वेतनाचा लढा आहे, आणि त्या मोर्चात आम्हीही आहोत.

काकांचा सर्वांत वजनदार मुद्दा शेवटी घेतो. बाबासाहेब तर राज्य समाजवाद मागत होते. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज', १९४७. मूलभूत उद्योग सरकारी, विमा सरकारी, शेती सरकारी मालकीची. खरं आहे आणि आम्ही त्या मागणीला बांधील आहोत. पण तो कार्यक्रम राज्यघटनेत आला नाही. आज सरकारी कंपन्या विकल्या जात आहेत, भरती कंत्राटी आहे, आरक्षण ज्या नोकरीत होतं ती नोकरीच उरलेली नाही, आणि नव्या नोकरदाराला जुनी पेन्शन नाही. काका, तुमच्या मुलाचा जो पीएफ कापला जातो ना, त्यातला भाग कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना ऑगस्ट २०१५ पासून ईटीएफमध्येच घालते आहे, आधी नव्या जमेच्या पाच टक्के, पुढे पंधरा. कुणी त्याला विचारलं नाही. तो बाजारात आहेच. प्रश्न एवढाच, की तो डोळे मिटून आहे की उघडून.

सोपाऱ्याच्या स्तूपावर आम्ही वर्षातून दोनदा तरी जातो. बुरुड राजाचा कोट म्हणून लोक ओळखायचे त्या टेकाडात भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये उत्खनन केलं, बुद्धमूर्ती आणि करंडक निघाले. त्याच परिसरात अशोकाच्या आज्ञालेखांचे तुकडे मिळाले, एक तर आपल्या वसईच्या भुईगावात १९५६ साली. धम्मदीक्षेचं वर्ष! हे सोपारं बंदर होतं, पेरिप्लस लिहिणाऱ्या ग्रीक खलाशाला नावानं ठाऊक असलेलं. आणि इथलाच पूर्ण. दिव्यावदानात त्याची कथा आहे. व्यापाऱ्याचा मुलगा, पण दासीच्या पोटचा. भावांनी वाटणीत त्याला डावललं. त्यानं चंदन ओळखलं, विकत घेतलं, समुद्रापलीकडे व्यापार केला, श्रीमंत झाला आणि मग बुद्धाकडे जाऊन भिक्खू झाला. सिगालोवाद सुत्तात तर गृहस्थानं मिळकतीचे चार भाग करावेत असं सांगितलं आहे : एक उपभोगाला, दोन उद्योगाला, चौथा अडीअडचणीसाठी राखून. एका जागी सगळं ठेवा, असं तिथे कुठे म्हटलेलं नाही. बाबासाहेबांनी १९१५ मध्ये कोलंबियात एम.ए.च्या अभ्यासात प्राचीन भारतीय व्यापारावर प्रबंध लिहिला होता. समुद्र ओलांडला की माणूस बाटतो, हा नियम ज्यांनी केला त्यांच्याशी आपलं काय देणं लागतं?

मागच्या रविवारी हे सगळं आम्ही काकांना तोंडी सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी अर्धं ऐकलं. मग पिशवीतून प्लास्टिकचं पाकीट काढलं. त्यात त्यांच्या चार ठेवींच्या पावत्या होत्या, दोन वेगवेगळ्या पतपेढ्यांच्या, दोन बँकेच्या. चारपैकी तिन्हींवर नॉमिनीचा रकाना कोरा. एकीवर काकूंचं नाव होतं, त्या जाऊन सहा वर्षं झाली. "अमेरिकेचं मागाहून बघू," काका म्हणाले, "आधी हे तेवढं भरून द्या. मुलीचं नाव लिहा. तिच्या आधारवर आडनाव सासरचं आहे, चालेल का?"

नर्सताईंनी पेन काढलं. सोमवारी सकाळी त्यांना घेऊन दोन्ही पतपेढ्यांत जायचं ठरलं आहे.